एक पेव, दोन भाषणं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. बांधावरचं झाड यंदा लई लागलं होतं. न्याहारी झाल्यावर अंगणात पोतं अंथरलं आणि बसलो. ती मोगरीनं चिंच ठोकून टरफल काढायची, मी शिरा ओढून चिंचोके बाहेर काढायचो. ह्या कामाला डोकं लागत नाही, त्यामुळं तोंड मोकळं राहतं. तिचं तर एरवीही मोकळंच असायचं.

"चिंचोकं हिकडं, शिरा तिकडं. कालवू नका. मग मलाच निवडत बसावं लागतंय."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर तसं करा की."

थोड्या वेळानं म्हणाली, "आज सांजच्याला दोघांनाबी जेवायला बोलवा."

"दोघांना? एका टायमाला?"

"एका टायमाला. एकमेकांशी बोलू नयेत, माझं काय जात न्हाय. पर भाकरी एका तव्यावरची खातील."

"आन् भांडले म्हंजे?"

"भांडले तर म्या हाय की."

मग पाणी प्यायला उठली. तांब्या खाली ठेवला, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, जरा दम खाते. मी चिंचोके काढत राहिलो. ऊन सरकत तिच्या पायावर आलं तेव्हा म्हणालो, "तिकडं सरक, ऊन लागंल." उत्तर आलं नाही. सगळ्या संसारात मी काही बोललो आणि तिनं उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. मान वर करायच्या आधीच मला कळलं. डॉक्टर आला, हात धरला, सोडला.

ती कशी गेली हे सांगायला मी बसलेलो नाही. माणसं जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं त्यावरून गावात अजून बोललं जातं, आणि दोन बाजूंनी दोन तऱ्हेचं बोललं जातं. मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिताना हात आखडतो. पण घडलं तसं कुठंतरी असावं म्हणून लिहितो.

दोघं म्हणजे आमची दोन पोरं. थोरल्याचं सडकेवर खतं-बियाणांचं दुकान आहे. धाकटा कळंबला क्लासात शिकवतो, मोटरसायकलवर ये-जा करतो. घरं वेगळी, चुली वेगळ्या, त्याला माझी हरकत नाही. पण थोरला एका पक्षात आणि धाकटा त्याच्या उलट्या पक्षात. पक्षांची नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच एकाच्या बाजूला जाऊन बसतो, मग माझं ऐकायला कोण राहणार? निवडून कुणीही आलं तरी फटाके तेरखेड्याच्या त्याच कारखान्यांतून यायचे. एका पोराच्या दारात ते वाजायचे आणि दुसरा आपल्या घराची दारं-खिडक्या लावून घ्यायचा. पुढच्या खेपेला उलटं.

बोलणं तुटलं ते मोबाईलवरून. घरच्यांचा एक ग्रुप होता, त्यात लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो. थोरल्यानं त्यात आपल्या साहेबांचं भाषण टाकलं. धाकट्यानं खाली लिहिलं, फॅसिस्ट. थोरल्यानं त्याच्या खाली लिहिलं, रझाकाराची औलाद. थोरल्या सुनेनं आम्हाला वाचून दाखवलं. मी म्हणालो, "औलाद माझी हाय. म्हंजे रझाकार म्या झालो का?" बायको हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

आमच्या भागात वाईटातला वाईट माणूस म्हणजे रझाकार. निजामाच्या शेवटी शेवटी जी दांडगाई झाली तिचं नाव रझाकारी, आणि ते नाव अजून लोकांच्या तोंडून उतरलेलं नाही. पोरगं ऐकेनासं झालं की आई म्हणते, काय रझाकारी लावलीय घरात. पण फॅसिस्ट हा शब्द आम्हाला नवा. तिला तो फाशीस्ट असा ऐकू आला. धाकटा घरी आला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्यातच धरलं.

"तू दादाला फाशीस्ट म्हणलास? कुणाला फाशी दिली रे त्यानं?"

"फाशी न्हाय माय, फॅसिस्ट."

"तेच म्हणते की म्या. म्हंजे काय?"

धाकट्याला शिकवायची सवय. बसून नीट सांगितलं. पुढारी एकच, तो म्हणेल ते खरं. वेगळं बोलला तो गद्दार. आणि आपल्या सगळ्या दुखण्यांचं कारण म्हणून कुणीतरी शेजारी दाखवून द्यायचा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग तुमच्यात वेगळं बोललेलं चालतंय का? तुझ्या त्या दोस्तानं तुमच्या पक्षाच्या सरांची चूक काढली, तर त्याला बैठकीतनं उठवला म्हणं."

"ते वेगळं हाय माय. तो त्यांना मिळालेला व्हता."

"असं व्हय," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

थोरल्याची तऱ्हा निराळी नव्हती. टीव्हीवर मारामारी दाखवायचे. मारणारे त्याच्या बाजूचे असले की म्हणायचा, "आबा, ह्याच्या आधीचं बघा. आधी कुणी सुरू केलं ते दावत न्हायत." मारणारे दुसऱ्या बाजूचे असले की आधीचं काही बघायचं नसायचं. धाकट्याकडं बसलं तर हेच, फक्त माणसं बदलून. मी एकदा म्हणालो, तुमचा दोघांचा टीव्ही एकच आहे, बसायची जागा तेवढी वेगळी. त्यावर दोघंही माझ्यावर चिडले, वेगवेगळ्या दिवशी.

आता पेवाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली खोली. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं, तोंडावर दगड. आमच्या अंगणात असं एक होतं. रझाकारीत माणसं धरून न्यायला गावात कुणी आलं की माझा बाप त्या पेवात उतरायचा. माझी आई वर दगड सरकवायची. बोटभर फट ठेवायची, नाहीतर पेवात माणूस गुदमरून मरतो. आणि त्या दगडावर शेळ्या बांधायची. शेळ्यांच्या लेंड्यांत कोण कशाला बघायला येतंय?

मग वारं फिरलं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही लोक सूड उगवायला निघाले. आमच्या शेजारी मण्याराचं घर. बांगड्या विकणारी मुसलमान माणसं, पिढ्यान् पिढ्या आमच्या बायकांचे हात त्यांच्या हातात. आईनं त्या नवरा-बायकोला त्याच पेवात उतरवलं. माझा बाप, जो स्वतः त्यातून नुकताच वर आला होता, म्हणाला, ह्यांना कशाला? आई म्हणाली, जागा हाय की आत. आणि पुन्हा दगड, पुन्हा फट, पुन्हा त्याच शेळ्या.

माझ्या बापाच्या अंगावर फटीतून शेळ्यांचं मूत ठिबकायचं आणि आताच्या मण्याराच्या बापाच्या अंगावरही तेच ठिबकलं. म्हातारपणी दोघं पारावर बसून ह्यावरूनच एकमेकांना डिवचायचे. तुझ्यावर जास्त पडलं, न्हाय तुझ्यावर जास्त पडलं.

ही गोष्ट माझ्या आईनं माझ्या बायकोला सांगितली. मी कधी कुणाला सांगितली नाही, मला सांगता येत नाही. बायको सांगायची. दळताना, निवडताना, पोरांना जेवू घालताना. आणि सगळी सांगायची. मधूनच कुणी उठून चाललं तर हाताला धरून बसवायची, अजून मण्यार वर यायचेत, बस म्हणायची.

थोरल्याच्या पक्षाची सभा होती आमच्या इकडच्या वाशीच्या बाजारात. पोराचं भाषण म्हणून ती मला घेऊन गेली. लुगडं धुऊन ठेवलेलं नेसली. पुढं बायकांच्यात सतरंजीवर बसली. थोरल्यानं पेवाची गोष्ट काढली. माझा बाप कसा उतरला, दगड कसा लावला, शेळ्या कशा बांधल्या, सगळं आईच्या तोंडचं. लोक पुढं सरकून ऐकत होते. मग तो म्हणाला, आज तेच रझाकार पुन्हा आपल्या दारात उभे आहेत. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तशी ही सतरंजीवरून ओरडली, "पुढं?"

लोकांनी माना वळवल्या.

"पुढं सांग की. मण्याराची माणसं ऱ्हायली ना पेवात!"

लोक हसले. थोरला पाणी प्यायला. आणि मग त्यानं रस्त्याचं काम काढलं.

त्यानंतर काही महिन्यांनी धाकट्याचं भाषण मोबाईलवर आलं. त्यानं गोष्ट सुरू केली तीच मण्यारांपासून. शेजारधर्म, आजीची हिंमत, शेळ्या, दगड. आणि त्या काळातले सूड घेणारे म्हणजे आजचे फॅसिस्ट, असं म्हणून संपवली. माझा बाप त्या पेवात कुणाच्या भीतीनं उतरला होता त्याचा पत्ताच नाही. बायकोनं मोबाईल माझ्या मांडीवर टाकला.

"एकानं मामंजींना पेवात घालून वर दगड लावला. दुसऱ्यानं त्यांना पेवातनं काढूनच टाकलं. काय पोरं म्हणायची ही?"

दोघांना तिनं वेगवेगळं विचारलं. थोरला म्हणाला, "माय, सभेत टाइम कमी असतो." धाकटा म्हणाला, "माय, अर्धं सांगितलं तरी ते अर्धं खरंच हाय की. त्यांच्या हातात कशाला कोलीत द्यायचं?" खोटं दोघांनीही सांगितलं नव्हतं. तेच तिला जास्त लागायचं.

ती गेली त्या दिवशी दुपारी पाहुणे जमले. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून हिरवा चुडा भरायचा होता. मण्याराची बायको आली आणि तिनं भरला, जसा दर सणाला भरायची तसाच, हात चेपून चेपून. थोरल्याबरोबर आलेल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, आपल्यात कुणी नव्हतं का चुडा भरायला? धाकट्याच्या एका दोस्तानं तेवढ्यात फोटो काढला आणि "हेच आमचं उत्तर" असं लिहून मोबाईलवर सोडला. मेलेल्या बाईचा हात. उत्तर कशाचं? प्रश्न कुणी विचारला होता? मला तिथंच उठावंसं वाटलं, पण पुढ्यात ती होती.

पुढचा खांदा दोघा पोरांचा, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. मधे तिची मान हलत होती. त्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

दिवस मावळता अग्नी दिला. घरी आलो तर शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवलेली. मी ताट झाकून ठेवलं. अंगणात बसावं तर भिंत दिसायची, घरात जावं तर चूल. दारातून आत, आतून दारात असं चाललं होतं. मण्यार येऊन बाजेवर बसला. माझ्याच वयाचा, तोंडानं माझ्यासारखाच फटकळ.

"बस की जरा. तुला बघून मलाच घेरी यायलीय."

"बसवत न्हाय."

"मंडपवाला भेटला व्हता," तो म्हणाला. "इचारत व्हता, सकाळी मसणवट्यात माईक एकच लावू का दोन."

आमच्याकडं आता दुसऱ्याच दिवशी राख सावडतात, पाहुण्यांना पुन्हा फेरी नको म्हणून. आणि सावडायला पुढारी येतात, माईकवर श्रद्धांजली वाहतात. त्याची इतकी सवय झालीय की भाषण झालं नाही तर मेलेल्या माणसाला गावात किंमत नव्हती असं लोक धरतात.

"दोन कशाला?"

"थोरल्यानं येगळा सांगितलाय, धाकट्यानं येगळा. दोघांची बडी माणसं येणार हायत." मग म्हणाला, "आता मला सांग, म्या यावं का न यावं? आलो तर एकजण म्हणंल ह्यो का आला, दुसरा फोटो काढंल. न आलो तर दोघंबी माझ्यावरच भाषण करतील. वैनीची राख हाय रे ती. माझ्या बापाला परत पेवात घालू नका म्हणावं."

मी थोरल्याला बोलावलं. "उद्याला भाषण नको."

"आबा, साहेब येतो म्हणलेत. दोन शब्द बोलतील."

"कशावर?"

"मायवर. पेवावर."

"साहेबांनी तुझ्या मायला कवा बघितलं व्हतं?"

तो खाली बघून म्हणाला, "म्या थांबवतो. पर आधी त्यानं थांबवावं."

मग धाकट्याला बोलावलं. "आबा, दादाचे साहेब बोलणार असतील तर आमच्या सरांना बोलावंच लागंल. न्हायतर मैदान मोकळं सोडल्यासारखं हुईल."

"मैदान? मसणवटा हाय तो."

"आधी त्यांनी रद्द करू द्या. आमी लगेच करतो."

आधी. पुन्हा तेच आधी. दोघांना एकाच आईनं एकाच ताटात जेवू घातलं, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या डोळ्यात तेवढी रझाकारी दिसते, दुसऱ्याच्या तोंडात तेवढा फॅसिस्ट. मला वाटायचं शिकली की पोरांना जास्त दिसतं. ह्यांना आपल्या बाजूचं सोडून सगळं दिसतं. आणि उद्या तिच्या राखेपाशी उभं राहून हे पेवाच्या गोष्टीची अर्धी अर्धी वाटणी करणार, आणि ह्या वेळी "पुढं?" म्हणून ओरडायला सतरंजीवर कुणी नसणार. मी काय ओरडणार? ओरडलो तर दोन्हीकडचे म्हणतील, म्हातारा दुःखात आहे, सांभाळून घ्या.

झोप आलीच नाही. फटफटायला लागल्यावर घमेलं, खोरं आणि तांब्यात दूध घेतलं आणि मण्याराच्या दाराला हाक मारली.

"एवढ्या लवकर?"

"सभा सुरू व्हायच्या आधी सावडायचं हाय. घागर घे. चल."

"पोरं?"

"त्यांना उठवलं तर आधी फोन लावतील. चल."

ओढ्याकाठी कुणी नव्हतं. राख वरून गार झालेली दिसत होती, पण हात घातला तर आतून गरम. बोटं भाजली. मण्यारानं घागरीनं पाणी शिंपडलं.

"हळू सांड, सगळं वाहून नेतोस का?" मी म्हणालो.

"तूबी वैनीसारखाच बोलायला लागलास."

दूध शिंपडलं. अस्थी निवडून मडक्यात ठेवल्या. हिरव्या काचेचा एक वितळलेला गोळा सापडला. मण्यारानं तो बघितला आणि तोंड दुसरीकडं केलं. तोही मडक्यात टाकला. राख घमेल्यानं नेऊन आमच्या रानात, ओढ्यापलीकडंच आहे, आंब्याच्या रोपासाठी घेतलेल्या खड्ड्यात ओतली. खेपा झाल्या. कंबर गेली. शेवटी जागा झाडून घेतली, आणि दोन ओंजळी राख मात्र मुद्दाम ठेवली.

मण्यार म्हणाला, "म्या जातो आता. म्या हितं दिसलो की परत सुरू." आणि घागर घेऊन आडवाटेनं गेला.

मंडपवाल्याचा टेम्पो आला. खुर्च्या, भोंगे. मी रस्त्यात उभा राहिलो. "उतरू नको. काम झालं. मागं वळव." त्यानं माझ्याकडं बघितलं, भाजलेल्या बोटांकडं बघितलं आणि टेम्पो वळवला.

मग गाव आलं. पाहुणे आले. पोरं पळतच आली, एक सडकेकडून, एक गल्लीकडून. झाडलेली जागा बघितली.

"आबा, हे काय केलंत?" दोघं एकदमच म्हणाले. कित्येक दिवसांत दोघांच्या तोंडून एक वाक्य पहिल्यांदाच निघालं.

"सावडलं."

"साहेब वाटंत हायत," थोरला म्हणाला.

"सरबी येरमाळ्याला पोचलेत," धाकटा म्हणाला.

"येऊ द्या. चहा पाजू. हितं बोलायला आता काय ऱ्हायलं न्हाय." मी म्हणालो, "पायातलं काढा. हात पुढं करा."

थोरल्यानं आधी बूट काढले का धाकट्यानं चपला, ते मी बघितलं नाही. दोघांनी हात पुढं केले. मी एकेकाच्या ओंजळीत राख दिली, आंब्याच्या खड्ड्यापाशी पोचल्यावरच ओंजळ सोडायची म्हणालो, आणि रानाकडं निघालो. ओंजळीत राख असली की माणसाला मोबाईल धरता येत नाही. मागं दोघांच्या खिशात फोन वाजायला लागले, थांबायचे आणि परत वाजायचे. मी पुढं चालत राहिलो. मागून पाय वाजत होते, दोघांचे.